उपकंपनीत सुचलेलं मुख्यालयापर्यंत का पोचत नाही?

नदीकाठ

नमस्कार मंडळी. परदेशी कंपन्यांच्या पुण्या-बंगळुरातल्या केंद्रांत काम करणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा.

मी पुण्यात अशाच एका केंद्रात आहे. कारखान्यांतल्या यंत्रांचे कंट्रोलर आणि त्यावरचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. एक गोष्ट सतत दिसते. मुख्यालयाकडून इकडे ज्ञान यायचं असेल तर त्याची व्यवस्था चोख असते: केटीचं (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे काम शिकवून सोपवण्याचं) वेळापत्रक, प्रवासाचं बजेट, तिकडून येणारे वरिष्ठ, शेवटी परीक्षासुद्धा. इकडून तिकडे जायचं असेल तर फक्त एक पोर्टल असतं. त्यावर आयडिया टाकायची, वर्षाअखेरीला टाळ्या, एखादा चषक, आणि विषय संपला.

चाकणच्या एका ग्राहकाकडे वीज वर-खाली होते तेव्हा कंट्रोलर कसा वागतो, याचा आमच्या टीमने नीट अभ्यास केला होता. उपायही बसवला होता. सगळं लिहून कंपनीच्या अंतर्गत विकीवर ठेवलं. पुढे मुख्यालयातल्या टीमने तोच प्रश्न दुसऱ्या देशातल्या ग्राहकासाठी पहिल्यापासून सोडवला. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. त्यांना माहीतच नव्हतं.

माझं मत असं की हा प्रश्न लिहून ठेवण्याचा नाहीच. निर्णय जिथे होतात तिकडे ज्ञान ओढलं जातं. जिच्या हातात निर्णय नाही त्या उपकंपनीला काय माहीत आहे, हे विचारायला कुणी येत नाही. तुमचा अनुभव काय? आणि उपकंपनीने मूळ कंपनीला खरोखर बदलायला लावलं, अशी उदाहरणं आहेत का?

चहाबाज

आमच्या विकीवर सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान: हिंजवडी फेज एक ते तीनमध्ये चांगली मिसळ कुठे मिळते. कायम अद्ययावत. आर्किटेक्चरच्या पानावर शेवटचा बदल कुणी केला ते विचारू नका, तो माणूस आता कॅनडात आहे :)

रानजाई

चहाबाज, ते पान इथे चिकटवा आधी!

नदीकाठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: आहेत. मी वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात आहे, तिथलं ठळक उदाहरण जीई हेल्थकेअरचं. बंगळुरात तयार झालेलं मॅक ४०० हे ईसीजी मशीन. बॅटरीवर चालणारं, उचलून नेता येणारं, किंमत हजार डॉलरच्या आसपास. त्यातला प्रिंटर बसमधल्या तिकीट छापायच्या यंत्रावर बेतलेला होता. ग्रामीण भारतातल्या डॉक्टरांसाठी केलेलं हे तंत्र पुढे अमेरिकेतही विकायला गेलं. चीनमध्येही तसंच झालं. तिथल्या टीमने लॅपटॉपवर चालणारं अल्ट्रासाउंड यंत्र २००२ मध्ये तीस-चाळीस हजार डॉलरना आणलं, पुढच्या काही वर्षांत ते पंधरा हजारांपर्यंत खाली आणलं. नेहमीची मोठी यंत्रं लाखाच्या पुढे असायची.

जीईचे तेव्हाचे प्रमुख जेफ्री इमेल्ट यांनी २००९ मध्ये व्यवस्थापनाचे प्राध्यापक विजय गोविंदराजन आणि ख्रिस ट्रिंबल यांच्यासोबत याबद्दल लेख लिहिला, त्यातून 'रिव्हर्स इनोव्हेशन' (विकसनशील देशात आधी तयार झालेलं पुढे श्रीमंत देशांत जाणं) हा शब्द सगळीकडे गेला. पण लोक त्यातली महत्त्वाची गोष्ट विसरतात. चीनमधल्या त्या टीमला स्वतःचं नफा-तोट्याचं खातं होतं. काय बनवायचं, कितीला विकायचं, कोणाला नोकरीवर घ्यायचं, हे तीच ठरवत होती. तुमच्या म्हणण्याला हे पूरकच आहे.

टिळकरोडकर

चांगला धागा. मी या धंद्यात बराच जुना, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

१९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरात डिझाइन सेंटर काढलं. बहुराष्ट्रीय कंपनीने भारतात काढलेलं अशा प्रकारचं ते पहिलं केंद्र. अमेरिकेशी जोडलेलं राहायला त्यांना स्वतःचा उपग्रह दुवा उभा करावा लागला होता. नॅसकॉम ही आयटी उद्योगाची संघटना आणि झिनोव्ह ही सल्लागार कंपनी यांच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात सतराशेहून जास्त अशी केंद्रं आहेत आणि त्यांत १९ लाख माणसं काम करतात. म्हणजे संख्या हा प्रश्न उरलेला नाही.

आता इंटेल. त्यांची दोन केंद्रं शेजारी ठेवून बघा. इस्रायलमधल्या हायफाचं केंद्र १९७४ चं, अमेरिकेबाहेरचं त्यांचं पहिलं डिझाइन सेंटर. सुरुवातीला ८०८७ या गणिती चिपसारखी कामं केली. नंतर तिथल्या टीमने टिम्ना नावाचा स्वस्त प्रोसेसर जवळजवळ पूर्ण केला आणि २००० मध्ये तो प्रकल्पच रद्द झाला. त्याच टीमला लॅपटॉपसाठी प्रोसेसर करायला सांगितलं गेलं. तेव्हा सगळी इंटेल गिगाहर्ट्‌झच्या मागे होती, पेंटियम ४ त्याच विचाराने केलेला. हायफाच्या लोकांचं म्हणणं उलट होतं: प्रोसेसरचं घड्याळ (क्लॉक) हळू चालू दे, प्रत्येक ठोक्यात काम जास्त व्हायला हवं आणि वीज कमी लागायला हवी. त्यावर त्यांनी मुख्यालयाशी अक्षरशः वाद घातले. २००३ मध्ये पेंटियम एम आला. २००४ मध्ये पेंटियम ४ चा पुढचा अवतार, तेहास, उष्णतेपायी सोडून द्यावा लागला आणि २००६ मध्ये हायफाच्याच विचारातून कोअर २ डुओ आला. सगळ्या कंपनीची दिशा बदलली. हायफाचे दादी पर्लमटर पुढे इंटेलच्या अगदी वरच्या फळीत गेले.

बंगळुराने २००८ मध्ये सहा कोअरचा झिऑन ७४०० हा सर्व्हरचा प्रोसेसर पूर्ण केला. काम अस्सल होतं, देशासाठी मोठी गोष्ट होती. पण त्याने कंपनीचा विचार बदलला नाही. फरक हुशारीचा नाही. माझ्या मते फरक दोन गोष्टींचा: हायफाला आख्खा प्रॉडक्ट मिळाला, आणि तिथल्या लोकांना वरच्या माणसाला तोंडावर 'हे चुकतंय' म्हणायची सवय होती. आपण 'जरूर, बघतो' म्हणून फोन ठेवतो.

ताम्हिणी

टिळकरोडकर काका, दुसऱ्या मुद्द्याशी असहमत. 'भारतीय माणूस बोलत नाही' हे स्पष्टीकरण मला पटत नाही. आमच्या टीममधली माणसं आपसात इतकी भांडतात की काचेच्या खोलीबाहेर ऐकू येतं. मुख्यालयाच्या कॉलवर तीच माणसं गप्प, कारण त्या कॉलवर निर्णय आधीच झालेला असतो आणि आम्हाला तो कळवला जात असतो. ठरलेल्या गोष्टीवर कोण जीव काढेल? ज्या मॉड्यूलची पूर्ण जबाबदारी आमच्याकडे आली, त्यावर आमचीच माणसं तिकडच्या वरिष्ठांशी सरळ वाद घालायला लागली. माणसं तीच होती.

टिळकरोडकर

ताम्हिणी, हे मान्य. जबाबदारी आधी, आवाज नंतर. क्रम तुम्ही बरोबर लावलात.

सीए_सांगलीकर

या चर्चेत एक बाजू कुणी मांडलेली नाही, ती कराची. मी अशा काही केंद्रांचं ट्रान्सफर प्रायसिंगचं, म्हणजे एकाच समूहातल्या कंपन्यांनी एकमेकींना किती बिल लावायचं याचं, काम बघतो.

तुमचं केंद्र बहुतेक करून मूळ कंपनीसाठी कंत्राटी सेवा देतं. झालेला खर्च अधिक ठरावीक टक्के नफा, एवढं बिल जातं. प्रॉडक्ट चालला किंवा बुडाला, तुमच्या केंद्राचा नफा तेवढाच. बौद्धिक संपदा मूळ कंपनीची. २०१३ मध्ये आलेल्या सेफ हार्बर नियमांत (ठरलेला नफा दाखवला तर कर खातं तो मान्य करतं) सॉफ्टवेअरशी संबंधित कंत्राटी संशोधनाला खर्चावर किमान ३० टक्के नफा दाखवायचा होता, २०१७ मध्ये तो २४ टक्क्यांवर आला. सेफ हार्बर ऐच्छिक आहे, पण त्याच्या बाहेरही विचार असाच चालतो.

खरी मेख पुढे आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं जून २०१३ चं परिपत्रक क्र. ६ बघा. भारतीय केंद्र कमी जोखमीचं कंत्राटी संशोधन करतं हे मान्य व्हायचं, तर महत्त्वाची कामं, म्हणजे प्रॉडक्टची कल्पना, दिशा, देखरेख, ही परदेशी कंपनीच करते आणि ती करायची तिची क्षमता आहे, हे दिसावं लागतं. नुसतं करारात लिहून भागत नाही, प्रत्यक्षात काय घडतं ते तपासतात. म्हणजे पुण्यातल्या माणसाने मोठे निर्णय घेतले असं कागदावर दिसलं, तर अधिकारी म्हणू शकतो की जोखीम इथे आहे, मग नफाही इथे दाखवा.

त्यामुळे केंद्राचे वकील आणि आमच्यासारखे लोक वर्षानुवर्षं कागद अशा भाषेत लिहितात की इथे फक्त अंमलबजावणी होते. ती भाषा हळूहळू संघटनेच्या तक्त्यात, हुद्द्यांत आणि बैठकींच्या टिपणांत उतरते. नदीकाठ यांनी 'निर्णय इथे नाही' असं म्हटलंय, ते काही वेळा मुद्दाम तसं ठेवलेलं असतं.

नदीकाठ

सीए साहेब, हा मुद्दा मी कधीच ऐकला नव्हता. 'डायरेक्टर, प्रॉडक्ट' हा हुद्दा आमच्याकडे इंडियात का देत नाहीत याचा अर्थ आता लागतोय. मग ज्या कंपन्यांनी इथे खरी मालकी दिली, त्या कर जास्त भरतात का?

सीए_सांगलीकर

मोबदल्याची पद्धत बदलतात. निर्णयाचा वाटा वाढला तर नफ्याचा वाटाही वाढवतात आणि आगाऊ किंमत करार करून कर खात्याशी आधीच ठरवून घेतात. आपल्याकडे ही सोय २०१२ पासून आहे. थोडक्यात, रस्ता आहे. त्यासाठी कंपनीच्या वित्त विभागाला कुणीतरी सांगावं लागतं की इथे निर्णय झाले तर प्रॉडक्ट चांगला होईल. ते सांगणारा इंजिनिअरच हवा, आमचं कोण ऐकतं.

दूरदेशी

मी नेदरलँड्समधल्या आयंडहोवनजवळ राहतो, म्हणून फिलिप्सची गोष्ट सांगतो, कारण धागा एकाच दिशेला चाललाय. स्वायत्तता दिली की सगळं सुटतं, असं नाही.

दुसऱ्या महायुद्धात हॉलंड जर्मनांच्या ताब्यात गेला आणि फिलिप्सच्या देशोदेशीच्या कंपन्या आपापल्या पायांवर उभ्या राहिल्या. युद्धानंतरही त्या तशाच ताकदवान राहिल्या. त्याचा फायदा झाला: फिलिप्सचा पहिला रंगीत टीव्ही कॅनडाच्या उपकंपनीने केला, पहिला स्टिरिओ टीव्ही ऑस्ट्रेलियाच्या, टेलिटेक्स्टचा टीव्ही ब्रिटनच्या. प्रत्येकीने आपल्या बाजाराकडे बघून शोध लावला.

आणि मग व्हिडिओ रेकॉर्डर आले. फिलिप्सने व्ही २००० ही पद्धत काढली, कॅसेट उलटून दोन्ही बाजूंनी चालायची. तंत्र चांगलं होतं. पण त्यांच्याच उत्तर अमेरिकेतल्या कंपनीने ती विकायला नकार दिला आणि मात्सुशिता या जपानी कंपनीकडून व्हीएचएस या प्रतिस्पर्धी पद्धतीची यंत्रं घेऊन आपल्या नावाने विकली. घरचीच कंपनी घरचा माल घेईना. व्ही २००० संपलं.

व्यवस्थापनाचे अभ्यासक बार्टलेट आणि आपले कोलकात्याचे सुमंत्र घोषाल यांनी फिलिप्सचा बारकाईने अभ्यास केला होता. त्यांचं म्हणणं मला आजही पटतं: कुठल्या उपकंपनीला कशात पुढारपण द्यायचं हे प्रत्येक कामापुरतं वेगळं ठरवावं लागतं. सगळ्यांना सारखी मोकळीक किंवा सगळ्यांना सारखा लगाम, दोन्ही आळशीपणाचे उपाय.

कावळ्याचीशाळा

सगळे वर पाठवायच्या गप्पा मारताय. मी कडू बोलतो. आमच्या आधीच्या कंपनीत आम्ही सगळं लिहून काढलं, व्हिडिओ केले, तिसऱ्या देशातल्या नव्या केंद्राला मनापासून केटी दिली. केटी संपल्यावर आमची टीम बंद. त्यानंतर माझ्या मित्रांपैकी कुणीही महत्त्वाची गोष्ट लिहून ठेवत नाही. माणसाला पोट आहे. कंपनीने आधी सांगावं की ज्ञान दिल्यावर माझं काय.

रानजाई

कावळ्याचीशाळा, वाईट वाटलं वाचून. आणि हे अपवादात्मक नाही. 'शेअरिंग कल्चर'च्या भिंतीवरच्या पोस्टरांत हा प्रश्न कुठेच नसतो.

टेस्टिंगवाली

कावळ्याचीशाळा यांचा मुद्दा आणि चहाबाज यांचं मिसळीचं पान, दोन्ही एकत्र घेते. ते पान जिवंत का आहे? लिहिणाराच वाचणारा आहे, खोटं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ऐकावं लागतं, आणि 'ही जागा अमुकने शोधली' हे सगळ्यांना माहीत असतं.

झेरॉक्समध्ये नेमकं हेच घडलं होतं. ज्युलियन ऑर नावाचे मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्या कॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत हिंडले. त्यांना दिसलं की खरी दुरुस्ती मॅन्युअलमधून होत नाही, तंत्रज्ञ नाश्त्याला भेटतात तेव्हा एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींतून होते. त्यावरून १९९० च्या दशकात युरेका ही व्यवस्था उभी राहिली, सुरुवात फ्रान्समध्ये झाली, मुख्यालयात नाही. तंत्रज्ञ युक्ती लिहायचा, दुसरे अनुभवी तंत्रज्ञ ती तपासायचे, आणि युक्तीखाली लिहिणाऱ्याचं नाव राहायचं. पैशांचं बक्षीस ठेवू या असं सुचवलं तेव्हा तंत्रज्ञांनीच नको म्हटलं, नाहीतर मोजणी सुरू होईल आणि दर्जा जाईल. पुढे ती जगभर पसरली.

याच्या उलट सीमेन्सचं शेअरनेट, १९९९ चं. तिथे लिहिण्याबद्दल गुण मिळायचे, गुणांवर भेटवस्तू. गुण आले तसा मजकूर ओसंडला आणि मग दर्जा सांभाळायला नियम बदलत बसावं लागलं.

माझं निरीक्षण: आमच्या कंपनीच्या पोर्टलवर आयडियांची संख्या मोजतात. तपासणारा कोण, त्याचं नाव नाही. वापरली कुणी, त्याचीही नोंद नाही.

चहाबाज

मिसळीच्या पानाला एवढा मान मिळेल असं वाटलं नव्हतं. उद्या ऑफिसात छापून लावतो. (अवांतर: फेज दोनची ती जागा बंद झाली.)

गिरगावकर

गुगलचं उदाहरण अजून कुणी दिलं नाही. तेझ २०१७ च्या सप्टेंबरमध्ये भारतात भारतासाठी आलं, यूपीआयवर बसवलेलं. वर्षभरात त्याचं गुगल पे झालं. २०२० मध्ये अमेरिकेत नवं गुगल पे आलं, ते याच भारतातल्या अॅपच्या पायावर. म्हणजे इथला कोड तिकडे गेला. त्याहून मोठी गोष्ट मला ही वाटते की २०१९ च्या अखेरीस गुगलने अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हला पत्र लिहून यूपीआयच्या धर्तीवर विचार करा असं सुचवलं. इथे शिकलेलं तिथल्या धोरणाच्या टेबलावर गेलं.

ताम्हिणी

गिरगावकर, गोष्ट तिथे संपत नाही. अमेरिकेतलं ते वेगळं अॅप जून २०२४ मध्ये बंद झालं, लोकांना गुगल वॉलेटकडे वळवलं. इथे बँकेतून बँकेत लगेच पैसे जातात, तिथे सगळा कारभार कार्डांवर. अॅप उचलून नेता आलं, यूपीआय नेता आलं नाही. ईसीजी मशीनचं तसं नव्हतं, हृदय सगळीकडे सारखंच चालतं.

उंबरठा

मी एका केंद्राची इंजिनिअरिंग बाजू सांभाळते. इतका वेळ नुसती वाचत होते. आता नदीकाठ यांच्या मूळ प्रश्नाकडे येते, तुमचं विकीवरचं पान तिकडच्यांना का दिसलं नाही.

व्यवस्थापनाचे अभ्यासक गॅब्रिएल शुलान्स्की यांचा १९९६ चा अभ्यास आहे, आठ कंपन्यांत चांगल्या पद्धती एका विभागातून दुसऱ्यात नेण्याच्या १२२ प्रसंगांचा. सगळ्यांना वाटायचं की माणसं जळतात, 'आमचं नाही ते नको' म्हणतात, म्हणून पद्धती जात नाहीत. अभ्यासात वेगळंच निघालं. मोठे अडथळे तीन: घेणाऱ्याकडे ते समजून घ्यायची तयारी नाही, ती पद्धत नेमकी कशामुळे चालते हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि दोघांतलं नातं अवघडलेलं.

दुसऱ्या अडथळ्यावर इंटेलने फार सरळ उत्तर काढलं होतं. चिपच्या कारखान्यात कशामुळे उत्पादन चांगलं येतं हे पूर्ण कळत नाही ना, मग नवा कारखाना हुबेहूब करायचा. यंत्रं तीच, पाइपची लांबीसुद्धा तीच. 'कॉपी एक्झॅक्टली' म्हणतात त्याला. बदल करायचा तर सगळीकडे एकदम.

सॉफ्टवेअरमध्ये ते जमत नाही, म्हणून मी माणसं पाठवते. दोन आठवड्यांच्या 'व्हिजिट'साठी नाही, सहा महिने-वर्षभर, तिकडच्या टीममध्ये बसून तिकडचं काम करायला. आणि तिकडचा एक इंजिनिअर तेवढाच काळ पुण्यात. परत गेल्यावर तो आमचा माणूस असतो. डिझाइनच्या चर्चेत 'हे पुण्यात कुणीतरी केलंय, थांबा' म्हणणारा एक जण तिथे बसलेला हवा. त्याच्याशिवाय कुठलंही शोधयंत्र उपयोगी पडत नाही, कारण शोधावं हे आधी सुचायला लागतं.

कावळ्याचीशाळा यांच्यासाठी: माझ्या अधिकारात आहे तेवढं मी करते. केटी सुरू व्हायच्या आधी देणाऱ्या टीमचं पुढचं काम लेखी ठरवून घेते. ते ठरलं नसेल तर केटीची तारीख देत नाही. वरून ओरडा बसतो.

कावळ्याचीशाळा

उंबरठाताई, असं लेखी देणारी एक जरी असती तरी आम्ही जिवापाड केटी दिली असती. धन्यवाद.

सीए_सांगलीकर

अजून एक व्यवहाराची गोष्ट. मालकी कंपनीची असली तरी पेटंटवर शोधकर्त्याचं नाव माणसाचंच असतं. आणि भारतात राहणाऱ्याने लावलेला शोध परदेशात नोंदवायचा तर पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे आधी परवानगी लागते, किंवा इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. त्यामुळे इथलं कोण त्यात होतं, हे कंपनीला विचारावंच लागतं. नदीकाठ, तुमच्या विजेच्या उपायात नवं काही असेल तर शोधाचा अर्ज भरा. विकीचं पान कुणी वाचत नाही, पण हा अर्ज मुख्यालयाचे वकील वाचतात आणि तिथल्या तज्ज्ञांना मत विचारतात.

नदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सीए साहेब, उपाय ग्राहकाकडे आधीच बसवलेला आहे, त्यामुळे पेटंट मिळेल का ते वकिलांनाच विचारते.

उंबरठाताई, तुमचं वाचून आज तिकडच्या त्या टीमच्या प्रमुखांना सरळ मेल लिहिली. तक्रार नाही, दोन्ही उपाय शेजारी मांडले. त्यांचा एका बाबतीत आमच्यापेक्षा चांगला आहे, आमचा व्होल्टेज अचानक पडतं तेव्हा चांगला आहे. पुढच्या आवृत्तीत दोन्ही एकत्र करू आणि त्या भागाची जबाबदारी पुण्याकडे द्या, असं स्पष्ट मागितलं आहे. उत्तर आलं की इथे लिहीन.

उंबरठा

छान केलंत. एक सुचवते: जबाबदारी मागताना त्यासोबत ग्राहकांच्या तक्रारीही थेट पुण्याकडे यायला हव्यात हे मागा. रात्री-अपरात्री फोन येतील, तरी मागा. तक्रारी मुख्यालयाकडे आणि दुरुस्ती तुमच्याकडे असं झालं तर पुढची आवृत्ती पुन्हा मुख्यालयवालेच ठरवतील.